परक्या तोफेला कुंकू

माणूस लहानपणीच मोठा होतो असं सगळे धरून चालतात. लोक आठवणी लिहितात, त्यात शाळा येते, मास्तर येतात, मार येतो, आणि लग्नापाशी सगळं संपतं. माझी शाळा चौथीला संपली आणि लग्न मला काही कळायच्या आत झालं. त्या दिवसांत मी मोठी झाले नाही. नुसतं काम केलं. मोठी झाले ती पासष्टी ओलांडल्यावर, सिंगापुरात, मुलाच्या घरी राहायला गेले तेव्हा. म्हणून हे प्रकरण इथेच आलं पाहिजे. कुणाला ते भलत्या जागी वाटलं तर वाटू दे.

आमचं घर गडात होतं. गड म्हणजे डोंगरावरचा नव्हे, समुद्रात घुसलेल्या खडकावरचा. ओहोटीला चालत जायचं, भरतीला होडीतून. आत चार घरं, एक गोड्या पाण्याची विहीर, देवीचं देऊळ आणि पश्चिमेच्या बुरुजावर एक तोफ. तिची चाकं कधीच कुजून गेली होती. ती जमिनीवर आडवी पडलेली असायची, तोंड समुद्राकडे. तिला आम्ही थोरली म्हणायचो. भरतीचं पाणी बुरुजाच्या पोटातल्या भोकांतून आत शिरायचं आणि खालून ढम् ढम् आवाज यायचा, तेव्हा आई म्हणायची, "थोरली जागी झाली." तिच्यातून शेवटचा गोळा कधी सुटला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माझ्या बापालाही नाही, त्याच्या बापालाही नाही. पण दसऱ्याला तिची पूजा चुकायची नाही. सकाळी विहिरीच्या पाण्याने धुवायची, सुकली की खोबरेल तेल चोळायचं, झेंडूची माळ घालायची, तोंडात आपट्याची पानं ठेवायची, आणि मग कुंकवाचं पहिलं बोट घरातल्या थोरल्या लेकीने लावायचं. ती मी. सासर समोरच्याच गावात मिळालं, त्यामुळे लग्नानंतरही पहिलं बोट माझंच राहिलं. तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा मिळून एक वास यायचा. घरून वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास यायचा. दोन्ही वास एकत्र आले की माझ्या डोक्यात दसरा होतो, आजही. पूजा झाली की घरातल्या लहान पोरांना एकेक करून थोरलीवर घोड्यासारखं बसवायचे. तिच्यावर बसलेलं मूल समुद्राला भीत नाही असं मानायचे. मी बसले होते. माझा सुहासही बसला.

आता तिथे लोखंडी कठडा केलाय आणि निळी पाटी लावलीय. एक तरुण पोरगा खुर्ची टाकून बसतो. मागे मी हात पुढे केला तर म्हणाला, "आजी, हात लावायचा नाही, हेरिटेज आहे." मी म्हटलं, "बाबा, मी तुझ्या सरकारच्या आधीपासून हिला तेल लावतेय." तो म्हणाला, "तरी नाही." तेल बंद झाल्यापासून थोरलीला गंज चढलाय. पण ते पुढचं झालं.

सुहास इंजिनियर झाला, पुण्यात नोकरी केली आणि मग सिंगापूरला गेला. त्याचे वडील वारल्यावर मला तिकडे घेऊन गेला. फ्लॅट बेडोकला होता, अकराव्या मजल्यावर. सून मेघना विमानतळाच्या बाजूला कामाला, म्हणून घर तिथे. सुहास मात्र जुरोंग आयलंडला, कारखान्यांच्या बेटावर कामाला जायचा, म्हणजे सिंगापूरच्या पार दुसऱ्या टोकाला. उजाडायच्या आत कंपनीच्या बसला जायचा, गळ्यात पास अडकवून. तो पास नसेल तर तिकडे आत सोडत नाहीत. पास तो देवासारखा जपायचा. घरी आला की देवघराशेजारच्या खिळ्याला टांगायचा. देवाला नमस्कार करायला विसरेल, पण पास खिळ्याला आहे ना हे झोपायच्या आधी बघणार.

ते घर मला वाईट नव्हतं. सकाळी समोरच्या इमारतींच्या खिडक्यांतून बांबू बाहेर यायचे आणि त्यांवर कपडे, जसे होड्यांवर झेंडे. लिफ्टमधली बाई दार मिटताना बोलायची. मी तिला "हो बाई, मिट" म्हणायचे. नात ईरा हसायची. तेव्हा ती दहा वर्षांची. मराठी तिला सगळं कळायचं, बोलताना मात्र इंग्रजी आणि त्याला "ला" लावायची. "आज्जी, लिफ्ट कॅनॉट हिअर यू ला." मी म्हणायचे, ऐकत नसेना का, बोलायला काय जातं. बाजार जवळ होता. तिथली मासळीवाली चिनी बाई आणि मी, आमची एकही भाषा सारखी नाही, पण बांगड्याचा कल्ला उघडून दाखवला की दोघींना कळायचं. तो बांगडा तिरफळाशिवाय करावा लागायचा, तेवढं एक दुःख. जवळा मी वऱ्हांड्यात वाळत घातला तेव्हा मेघनाने घरभर वासाच्या मेणबत्त्या लावल्या. शेजारच्या मलाय बाईने मात्र वासावर येऊन अर्धा मागून नेला.

सहाव्या मजल्यावर एक चिनी आजोबा होते. त्यांच्याबरोबर कायम कामाची मुलगी असायची, हात धरून. एकदा ते लिफ्टमध्ये माझ्याकडे बघून रडायला लागले. मेघना मला हळूच म्हणाली, "त्यांना डिमेन्शिया आहे, आई. मुलांनासुद्धा ओळखत नाहीत." तो शब्द मी तिथे शिकले. तिथे शिकलेल्या इंग्रजी शब्दांत एवढा एकच पक्का बसला.

ईराला शाळेतून काम दिलं होतं. किनाऱ्यावरच्या जुन्या जागा बघायच्या, फोटो काढायचे, मोठ्या कागदावर चिकटवायचे. सुहास-मेघनाला वेळ नव्हता. मी आणि ती बसने जायचो. पहिल्यांदा गेलो ते जुन्या बंगल्यांच्या रांगेकडे. एका बंगल्याच्या मागे दगडी भिंत आणि भिंतीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांना शेवाळाचे काळे डाग. असल्या पायऱ्या मी जन्मभर उतरलेय. पायऱ्या संपल्या तिथे पाणी पाहिजे. तिथे रस्ता होता, रस्त्यापलीकडे इमारती, त्यांच्यापलीकडे आणखी इमारती. मी ईराला म्हटलं, "समुद्र कुठाय?" तिने पाटी वाचली आणि सांगितलं, पूर्वी समुद्र इथपर्यंत होता, मग माती टाकून पुढे नेला. मी म्हटलं, "कोणी नेला?" ती म्हणाली, "गव्हर्नमेंट."

मी त्या पायरीवर उभी राहिले आणि मला खरंच भोवळ आली. घर हलवतात, देऊळ हलवतात, धरणाखाली गावं जातात, हे मला माहीत होतं. समुद्र हलवतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला आम्ही त्याला नारळ देतो, तो राहू दे म्हणून. इथे त्यालाच उठवून दुसरीकडे बसवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन दिवसांनी मी एकटीच बसने पुन्हा गेले, आपण नीट बघितलं ना याची खात्री करायला. तिथेच भिंतीवर बसून राहिले, दिवे लागले तरी. घरी पोचले तेव्हा सुहास लिफ्टच्या दारात उभा. "आई, कुठे होतीस? फोन का उचलला नाहीस?" मी म्हटलं, "अरे, समुद्र हलवलाय इथला." त्याने मेघनाकडे बघितलं. मेघनाने त्याच्याकडे. मी त्या बघण्याकडे लक्ष दिलं नाही. ईरा क्लासला गेली होती, तिला कुणी विचारलं नाही.

त्या वर्षी दसरा रविवारी आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी घरातल्या सगळ्या हत्यारांना कुंकू लावलं. विळी मी बरोबर नेली होतीच. मिक्सर, कपड्यांचं मशीन, इस्त्री, ईराची कंपासपेटी, सुहासचा लॅपटॉप, आणि त्याचा तो पास. झेंडू मिळाला नाही म्हणून कुंडीतली पिवळी फुलं. सुहास झोपून उठला, पास बघितला आणि ओल्या कागदाने पुसायला लागला. मी म्हटलं, "असू दे की, तुझं पोट आहे त्याच्यावर." तो म्हणाला, "आई, गेटवर मशीन वाचत नाही मग. प्लीज." त्याने मशीनवरचं कुंकूही पुसलं. मला राग आला नाही. वाटलं, घाईत आहे. त्याचा पीआरचा अर्ज गेला होता. पीआर म्हणजे त्या देशात कायम राहायची परवानगी. आधी एकदा नाकारली होती. ती मिळाली की दर वेळी कामाचा परवाना संपतोय म्हणून धाकधूक नाही, ईराची शाळा पक्की, सगळं पक्कं. घरात महिनाभर त्याचीच बोलणी. जेवताना, झोपताना. ईराने मोठ्याने टीव्ही लावला तरी मेघना म्हणायची, "शेजारी तक्रार करतील, आता नको काही."

रविवारी ईरासाठी किल्ला बघायला निघालो. समोरच्या छोट्या बेटावर इंग्रजांनी बांधलेला किल्ला, समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा. हे ऐकून मी सकाळीच कुंकवाचा करंडा, तेलाची छोटी बाटली आणि एक नारळ पिशवीत टाकला. दसरा, किल्ला आणि तोफ, तिन्ही एका दिवशी, आणि मी मोकळ्या हाताने जाणार? हा विचारसुद्धा मला शिवला नाही. निघताना सुहास म्हणाला, "पिशवी जड का आहे?" मी म्हटलं, "पाणी." हे मात्र मी खोटं बोलले, कारण त्याने नारळ ठेवून द्यायला लावला असता.

किल्ल्यात आधी एका थंड खोलीत नेलं. टेबलाभोवती गोरे आणि जपानी साहेब बसलेले. मी दचकून बाहेर आले, कुणाची मीटिंग चालू आहे असं वाटून. सुहास हसला. "मेणाचे पुतळे आहेत, आई. इंग्रज हरले, ते कागदावर सही करतायत." मी परत आत गेले. घाम दिसत होता त्यांच्या कपाळावर, इतकं बारीक काम. मी म्हटलं, "हरल्याचे पुतळे?"

"हो."

"हरल्याचे पुतळे कोण बसवतं?"

"इतिहास आहे तो, आई."

मला ते अंगावर आलं. आमच्या गडावरही कुणीतरी हरलं असणार. नाहीतर तोफ अशी आडवी का पडेल? पण ते कुणी बोलत नाही. इथे हरलेल्यांना कपडे घालून, दिवा लावून, थंड हवेत बसवलंय आणि तिकीट घेऊन लोक बघतायत. सुहासने सांगितलं की इथल्या तोफा समुद्राकडे तोंड करून वाट बघत राहिल्या आणि शत्रू मागून जमिनीवरून आला, असं लोक म्हणतात. ते ऐकल्यावर तर मला त्या तोफांची फारच दया आली. आयुष्यभर एकीकडे बघत बसायचं आणि यायचं ते पाठीमागून.

बाहेर आलो. चढावर झाडांमध्ये एक तोफ होती, थोरलीएवढीच, काळ्या रंगाने रंगवलेली. समोर समुद्र, त्यात उभी जहाजं. ईरा फोटो काढत होती. मेघनाला ऊन लागलं म्हणून ती सावलीत. सुहास फोनवर. मी पिशवी उघडली. तेल हातावर घेतलं, तोफेच्या पाठीवर चोळलं, ऊन पडून ती तापली होती आणि तोच वास आला. मग कुंकू, पहिलं बोट. कुंडीतली दोन फुलं राहिली होती ती ठेवली, आणि नारळ तोंडाशी ठेवून हात जोडले. नारळ फोडला नाही, दगड हाताशी नव्हता. एवढंच केलं. त्याला किती वेळ लागतो!

शिट्टी वाजली. एक म्हातारा रखवालदार छोट्या बॅटरीच्या गाडीतून वर येत होता. तमिळ माणूस, माझ्याच वयाचा, टोपीखाली भस्माचे पट्टे. त्याच्या गाडीच्या पुढच्या काचेखाली हळदीकुंकवाचा मोठा टिळा आणि एक लिंबू बांधलेलं. आदल्या दिवशीची त्यांची आयुधपूजा. मला हायसं वाटलं, आपलाच माणूस. मी त्याच्या गाडीकडे बोट दाखवलं, मग तोफेकडे, आणि हसले. तो हसला नाही. तो इंग्रजीत ईराला काहीतरी म्हणाला. ईरा म्हणाली, "आज्जी, ही सेज़, गाडी त्याची आहे. तोफ गव्हर्नमेंटची."

मग त्याने कमरेचा वॉकीटॉकी काढला. सुहास फोन बंद करून धावत आला. त्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, त्याचे वडील गेले तेव्हाही नाही. "आई! हे काय केलंस? अगं, इथे याला दंड आहे, पोलीस केस होते. भिंतीवर रेघ मारली तरी तुरुंगात टाकतात इथे." मेघना सावलीतून आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. मी पदराने पुसायला पुढे झाले तर रखवालदाराने हात आडवा केला. "नो, अम्मा. वेट." मग त्यांची मोठी बाई आली, चिनी, पांढरा शर्ट, गळ्यात तिचाही एक पास. तिने तोफेचे फोटो काढले, नारळाचा फोटो काढला, माझाही काढला. मग विचारलं, ही कोणाबरोबर आहे.

सुहास पुढे झाला. म्हणाला, "सॉरी मॅडम, सो सॉरी. माय मदर हॅज डिमेन्शिया."

बाकीचं इंग्रजी मला कळलं नसतं. हे कळलं. ईराने वर बघितलं. "पप्पा?" मेघनाने तिचा खांदा धरला. अडखळला असता, खाली बघितलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. तो सरळ बोलला, पत्ता सांगावा तसा. त्या बाईचा चेहरा एकदम बदलला. ती माझ्यापुढे वाकली आणि मोठ्याने, सावकाश बोलायला लागली, मेघना सहाव्या मजल्यावरच्या आजोबांशी बोलते तशी. "आंटी. यू नो व्हेअर यू आर?"

सुहास माझ्या कानाशी येऊन मराठीत म्हणाला, "आई, फक्त गप्प बस. काही बोलू नकोस. सगळं निभावेल." म्हणजे मला सरळ दिसत होतं. मी गप्प बसले की मी वेडी, आणि त्याचा पीआर शाबूत. मी बोलले की मी शहाणी, माझं कुंकू म्हणजे गुन्हा, आणि तो सरकारी बाईशी खोटं बोललेला माणूस. त्याने सगळं आयुष्य त्या खिळ्यावरच्या पासाला टांगलं होतं. आणि माझ्याकडे काय होतं? माझं डोकं. तेवढंच माझं होतं.

बाईने पुन्हा विचारलं. "आंटी, व्हॉट डे टुडे?"

डे म्हणजे दिवस. एवढं मला येत होतं. सुहास माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "दसरा."

"सी, मॅडम," सुहास म्हणाला, "शी डझन्ट..." आणि पुढे काहीतरी.

रखवालदार खाकरला. "करेक्ट, मॅडम," तो म्हणाला. "टुडे विजयादशमी. शी इज करेक्ट."

बाईने त्याच्याकडे बघितलं, मग सुहासकडे. मी ईराला म्हटलं, "ईरा, मी सांगते तसं यांना सांग. माझं डोकं ठीक आहे. कुंकू मी लावलं. आमच्याकडे तोफेला लावतात. इथे लावायचं नाही हे मला ठाऊक नव्हतं. पुसून देते." ईराने पप्पांकडे बघितलं. सुहासने मान फिरवली आणि जहाजांकडे बघत राहिला. मग ईराने सांगितलं, एकेक वाक्य, शाळेत कविता म्हणतात तसं ताठ उभं राहून. शेवटी स्वतःचंही एक घातलं. ते मला नंतर कळलं: "माय आज्जी नेव्हर फर्गेट एनिथिंग ला."

केस झाली नाही. फडकं दिलं आणि पुसायला लावलं. तेल निघालं, फुलं निघाली, कुंकवाचा मात्र गुलाबी डाग रंगात धरून राहिला. रखवालदाराने माझ्या हातातून फडकं घेऊन जोर लावला, तरी राहिला. बाईने सुहासचं नाव, फोन नंबर लिहून घेतला, त्याच्या पाकिटातल्या, त्या पासासारख्याच दुसऱ्या कार्डावर बघून. सुहासला काहीतरी म्हणाली, शांतपणे. त्याचे कान लाल झाले. काय म्हणाली ते ईराला मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी नातवंडांच्या तोंडून ऐकू नयेत. नारळ त्यांनी परत दिला.

एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आम्ही चौघं ओळीने बसलो. गाडीतली बाई चार भाषांत स्टेशनांची नावं सांगत होती, आमच्यातलं कुणी एका भाषेतही बोललं नाही. घरी आल्यावर मी नारळ फोडला. वड्यांचं पीठ मी सकाळीच मळून ठेवलं होतं, वडे तळायला घेतले. सण होता, पोरगी उपाशी होती. सुहास स्वयंपाकघरात आला आणि फ्रिजला टेकून उभा राहिला. मला वाटलं माफी मागेल. मी मनात ठरवूनही टाकलं होतं की मागितली तर म्हणायचं, जाऊ दे, वेळ निभावायला बोललास.

तो म्हणाला, "आई, मी खोटं नाही बोललो."

तेलात वडा होता. तो फुगला, आणि मी तसाच राहू दिला.

"आम्हाला दोघांनाही वाटतंय," तो म्हणाला. "बरेच दिवस. तू लिफ्टशी बोलतेस. वॉशिंग मशीनला कुंकू लावतेस. त्या दिवशी रात्रीपर्यंत घरी आली नाहीस आणि म्हणालीस समुद्र हलवलाय. आम्ही डॉक्टरची वेळ घेतलीय, आई. पुढच्या आठवड्यात. तुला सांगणारच होतो."

किल्ल्यावरून निघाल्यापासून मला जे वाटत होतं की माझ्या मुलाने मला विकलं, ते यापुढे काहीच नव्हतं. विकणाऱ्याला माल काय आहे ते ठाऊक असतं. हा मला खरंच तशी समजत होता. महिनोन् महिने हे दोघं जेवताना माझ्याकडे बघत होते, मी मीठ किती घालते, दार किती वेळा लावते. आणि मी समजत होते, मुलगा-सून काळजी करतात, बरी माणसं आहेत. वडा करपला. मी गॅस बंद केला.

"समुद्र हलवलाय," मी म्हटलं. "पाटी आहे तिथे. ईराला विचार."

ईरा दारात होती. "ट्रू ला, पप्पा. रिक्लमेशन. यू ऑल्सो डोन्ट नो?"

मी म्हटलं, "सुहास, तुझ्या मांडीवर आतल्या बाजूला डाग आहे. कसला?"

"ते काय मध्येच?"

"सांग."

"सायलेन्सरचा," मेघना बाहेरून म्हणाली. "कॉलेजात बाइकचा चटका बसला होता. तुम्हीच सांगितलं होतं ना, आई, लग्न ठरलं तेव्हा?"

"हो, सायलेन्सरचा," तो म्हणाला.

"थोरलीचा आहे," मी म्हटलं. "तू चार वर्षांचा होतास. दसऱ्याला तिच्यावर बसवलं. ऊन होतं, तुझे मामा खाली फडकं घालायला विसरले. तू इतका ओरडलास की होडीतली माणसं धावत आली. मी कोरफड लावली. त्यानंतरही दोन वर्षं तू स्वतः हट्ट करून बसलास. तुझ्या हाताचं कुंकू असायचं तिच्यावर, माझ्या बोटाखाली."

तो माझ्याकडे बघत राहिला. आठवायचा प्रयत्न करत होता, तेवढं मी त्याच्या बाजूने सांगेन. मग म्हणाला, "मला नाही आठवत, आई. अजिबात नाही."

"मग डॉक्टरकडे कोणाला न्यायचं?" मी म्हटलं, आणि गॅस पुन्हा पेटवला.

तरी गेले मी. घेतलेली वेळ कशाला फुकट घालवा? पीआर त्या वर्षी मिळाला नाही. कारण तिथे सांगत नाहीत, आणि ते तोफेमुळे की कशामुळे, हे सुहास कधी बोलला नाही, मी विचारलं नाही. पुढे मिळाला. तोवर मी गावी परत आले होते. त्या डॉक्टरकडे हिंदी येणारी एक नर्स होती. सुहासने मध्ये बसून सांगायचं म्हटलं तेव्हा मी त्याला बाहेर बसवलं. घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. काही शब्द सांगितले आणि मधे इकडचं तिकडचं विचारून पुन्हा ते म्हणायला लावले, म्हटले. वजाबाकी करायला लावली. चौथीपर्यंतची वजाबाकी मला पक्की येते. मग सुहासला आत बोलावलं. डॉक्टर हसत म्हणाला, मॅडम एकदम ठीक आहेत, वयाच्या मानाने फारच चांगल्या. मी सुहासच्या चेहऱ्याकडे बघत होते. सुटल्यासारखा दिसेल, असं मला वाटलं होतं.

त्याने विचारलं, "आर यू शुअर?"

डॉक्टर म्हणाला, शुअर. सुहासने आणखी एकदा विचारलं. डॉक्टरने आणखी एकदा तेच सांगितलं.

त्यानंतर तो कितीदा तरी इकडे येऊन गेला, माझं सगळं केलं, आजही पैसे वेळेवर पाठवतो, रोज फोन करतो. माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याने ते दोनदा विचारलं होतं, आणि विसरून जाण्याची सोय त्या डॉक्टरने माझ्यासाठी ठेवली नाही.